मोबाइल आधी जपा, वकील मग शोधा

मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात मी सव्वीस वर्षं वकिली करते आहे. सुरुवातीला पुरावा म्हणजे सातबारा, खरेदीखत, पावती, अंगठा. आता पक्षकार खुर्चीवर टेकायच्या आत मोबाइल पुढे करतो, "मॅडम, सगळं यात आहे." त्या ‘सगळ्या’चं कोर्टात काय होतं हे शिकायला मला वेळ लागला, आणि तोवर काही पक्षकारांचं नुकसान होऊन गेलं.

१. जुना मोबाइल विकू नका.

२०१५ साली एक मुलगी घटस्फोटाचा दावा घेऊन आली. नवऱ्याने दोन वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर शिवीगाळ केलेली, जीव घेण्याच्या धमक्या दिलेल्या. तिने सगळ्याचे स्क्रीनशॉट झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले होते, तारखेप्रमाणे लावून, टाचून. मोबाइल मात्र भावाने एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला होता. मी कागद दाखल केले. समोरचे वकील उठले आणि एवढंच म्हणाले, "पासष्ट-ब चं प्रमाणपत्र कुठे आहे?" त्या कागदांना निशाणी क्रमांक पडलाच नाही. निकालपत्रात तिच्या त्या दोन वर्षांबद्दल एक ओळ नव्हती.

चूक माझी होती. केरळमधल्या एका निवडणुकीच्या सीडींवरून चाललेल्या अन्वर विरुद्ध बशीर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्येच सांगितलं होतं: मोबाइल किंवा संगणकातल्या मजकुराची नक्कल द्यायची, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्र मालकाने स्वतः साक्षीला येऊन हजर केलं, तर त्याची गरज नाही. निकाल येऊन कित्येक महिने झाले होते. मी तो वाचला नव्हता. ती मुलगी अजून बसस्टँडवर दिसते तेव्हा आपणहून बोलते. मला तिच्याशी नीट बोलता येत नाही.

२. प्रमाणपत्र लेखी मागा, पोच घ्या.

हे आम्हाला जालन्याने शिकवलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं असं की २७ सप्टेंबरला दुपारी तीनची वेळ टळल्यावर खोतकरांचा अर्ज घेतला गेला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यात ते टिपलेलं होतं. पण चित्रीकरण सरकारच्या ताब्यात, आणि वारंवार मागूनही अधिकारी प्रमाणपत्र देईनात. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला तो निकाल कायम ठेवला आणि दोन गोष्टी पक्क्या केल्या. प्रमाणपत्र बंधनकारक आहे. पण पक्षकाराने जमेल ते सगळं केलं आणि समोरचा देतच नसेल, तर त्याला त्याची शिक्षा नको. कोर्टाने स्वतः ते मागवावं. निकाल लागला तोवर त्या विधानसभेची मुदतही संपली होती, हा भाग वेगळा. तेव्हापासून बँक असो, मोबाइल कंपनी असो, सीसीटीव्हीवाला दुकानदार असो, माझा कारकून पहिल्याच आठवड्यात पोस्टाने अर्ज पाठवतो आणि पोचपावती फाइलला लावतो.

३. कलम रद्द झालं म्हणजे ते पोलीस ठाण्यातूनही गेलं, असं धरून चालू नका.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टमुळे अटक झाली. एकीने एका बंदबद्दल लिहिलं, दुसरीने ते फक्त लाइक केलं होतं. त्या अटकेने हादरून विद्यार्थिनी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ घटनाबाह्य ठरलं. त्यानंतर तीन वर्षांनी माझ्याकडे कॉलेजातला एक मुलगा आला. पुढाऱ्याचं व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल गुन्हा, आणि फिर्यादीत पहिलंच कलम ६६-अ. मी निकालाची प्रत घेऊन ठाण्यात गेले. फौजदारांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "आमच्याकडे हे आलेलं नाही." ते खोटं बोलत नव्हते, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. तेव्हापासून निकालाची एक प्रत माझ्या बॅगेतच असते.

४. ग्रुप अ‍ॅडमिनने घाबरू नये.

सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं, तर तेवढ्यावरून अ‍ॅडमिन आरोपी होत नाही. दोघांचा समान इरादा दिसावा लागतो. नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे.

५. निळी टिक कशासाठी, हे पाहा.

२०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस बजावली गेल्याचं मान्य केलं, कारण ती पोहोचली होती आणि उघडलीही होती. बेलिफाला चुकवत फिरणाऱ्या कर्जदारांचे दिवस त्या निकालाने संपवले, असं आम्हाला वाटलं. पण पोलिसांनी चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर ती चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं. त्या नोटिशीला हजर न राहिल्यास अटक होऊ शकते. पैशाच्या वसुलीला जे पुरतं ते माणसाच्या स्वातंत्र्याला पुरू नये, हे मला पूर्ण पटतं.

६. पुढे पाठवण्याआधी राईनपाडा आठवा.

१ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने मारून टाकले, ग्रामपंचायतीच्या खोलीत. त्या आठवड्यात आमच्या वकिलांच्या ग्रुपवरही तसलाच व्हिडिओ आला होता आणि शिकल्यासवरल्या माणसांनी तो पुढे पाठवला होता. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली. जमावाने केलेल्या हत्येसाठी वेगळी तरतूद भारतीय न्याय संहितेत आली ती बरोबर सहा वर्षांनी, १ जुलै २०२४ ला. पण ती वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवर बेतलेली आहे. निव्वळ अफवेवरून झालेली हत्या तीत बसते का, यावर कुठल्यातरी सत्र न्यायालयात वाद होईलच.

७. नव्या कायद्याचा नमुना आधी भरून पाहा.

त्याच १ जुलै २०२४ ला पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. ६५-ब च्या जागी आता कलम ६३. प्रमाणपत्राचे दोन भाग: पहिला यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. शिवाय फाइलचं हॅश मूल्य लिहायचं. ते त्या फाइलच्या बोटांच्या ठशासारखं असतं. मजकुरातलं एक अक्षर हललं तरी बदलतं. ही तरतूद चांगली आहे, कारण छेडछाड उघडी पडते. मात्र गेल्या महिन्यात एका शेतकरी बाईंचं सासऱ्याच्या धमकीचं रेकॉर्डिंग दाखल करायचं होतं आणि दुसऱ्या भागावर सही करणारा तज्ज्ञ आमच्या तालुक्यात कुणी सापडेना. मोबाइल दुरुस्तीवाला चालेल का, इंजिनीअरिंग कॉलेजातले सर चालतील का, यावर बाररूममध्ये दोन दिवस चर्चा झाली. अखेर सर तयार झाले. बाईंनी मोबाइल रुमालात गुंडाळून कंबरेला खोचून आणला होता. सर हॅश काढत होते तेवढा वेळ त्या टेबलापासून हलल्या नाहीत.