स्ट्रेस म्हणजे लोड नव्हे!

मित्रांनो, ‘जाम स्ट्रेस आहे यार’ हे वाक्य आपल्या होस्टेलवर दिवसातून किती वेळा ऐकू येतं? सबमिशन आलं की स्ट्रेस, व्हायवा आला की स्ट्रेस, प्लेसमेंटची यादी लागली की स्ट्रेस. गंमत म्हणजे हा शब्द आपल्या इंजिनिअरिंगमध्ये आधीपासून आहे. शरीरावरच्या दबावाचा अभ्यास करणाऱ्या हान्स सेल्ये यांचा पहिला शोधनिबंध १९३६ साली आला, आणि पुढे त्यांनी या प्रकाराला ‘स्ट्रेस’ हे नाव दिले. आपले इंग्रजी बरे असते तर आपण ‘स्ट्रेन’ म्हटले असते, असे नंतर त्यांनीच कबूल केले! मग हा धडा आपण आपल्याच पुस्तकातून का शिकू नये? मी तो शिकलो, पण विषय राहिल्यावर.

तिसऱ्या सेमिस्टरला माझा स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स राहिला. पेपरच्या आधी सलग तीन नाइट मारल्या होत्या. हॉलमध्ये मोहर्स सर्कल काढायला घेतलं आणि डोकं कोरं. निकाल लागला तेव्हा घरी सांगायची हिंमत झाली नाही. दर रविवारी बाबांचा फोन यायचा आणि मी म्हणायचो, “अजून लागला नाही.” मग मेसला जाणं कमी झालं. दिवसा झोपायचो, रात्रभर मोबाइल. अभ्यास होत नाही म्हणून रील्स, आणि रील्समुळे अभ्यास होत नाही, असं ते चक्र.

एक दिवस टेस्टिंग लॅबमध्ये आमच्या लॅबच्या काकांनी एक तुटलेला शाफ्ट हातात दिला. तुटलेल्या तोंडावर, समुद्र ओसरताना वाळूवर उमटतात तशा रेघा होत्या. काका म्हणाले, “पोरा, हा एका दिवसात नाही तुटला. इथे कीवेच्या कोपऱ्यात भेग पडली. ती रोज थोडी थोडी वाढली. शेवटच्या दिवशी फक्त आवाज झाला.” त्या रात्री मला झोप लागली नाही, पण यावेळी कारण मोबाइल नव्हतं.

त्या शाफ्टने मला तीन गोष्टी शिकवल्या.

पहिली गोष्ट : स्ट्रेस म्हणजे लोड नव्हे. स्ट्रेस म्हणजे लोड भागिले क्षेत्रफळ. सिलॅबस सगळ्यांना तोच असतो, लोड तोच. पण तो साठ दिवसांवर पसरला तर एक आकडा येतो आणि तीन रात्रींवर टाकला तर वीसपट! लोड कमी करणे आपल्या हातात नसते, क्षेत्रफळ वाढवणे असते. मी आता रोज फक्त एक न्यूमरिकल सोडवतो, पण रोज. पी.एल. मध्ये त्याची किंमत कळते.

दुसरी गोष्ट : भोक लहान असले तरी चालत नाही. ताणलेल्या रुंद प्लेटला एक गोल भोक पाडले, तर भोकाच्या कडेला स्ट्रेस तिप्पट होतो, हे कर्श यांनी १८९८ साली गणिताने दाखवले. प्लेट पुरेशी रुंद असेल तर भोक मोठे की छोटे याने त्या तिपटीत फरक पडत नाही. ‘फक्त दोन मिनिटं व्हॉट्सअ‍ॅप बघतो’ हे ते छोटे भोक. सोफी लरॉय यांनी २००९ साली मांडले की अर्धवट काम सोडून दुसऱ्याकडे वळलो तर लक्षाचा काही भाग मागच्याच कामात अडकून राहतो. म्हणून अभ्यासाला बसताना मी मोबाइल कपाटात ठेवतो आणि किल्ली रूममेटकडे देतो. रात्री मेसनंतरचा एक तास मोबाइलचा, हक्काचा. बंदी घातली की मन बंड करतं. वेळ ठरवून दिली की ऐकतं.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : लोड उतरवलाच पाहिजे. ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. एकदाच दिला तर आस सहज पेलेल असा लोड पुन्हा पुन्हा दिला की आस तुटतो, हे त्यांनी दाखवून दिले. यालाच आपण फटीग म्हणतो. आपणही एखाद्या मोठ्या संकटाने क्वचितच मोडतो. रोजची अपुरी झोप, रोजचं खोटं, रोजची तुलना, यांनीच भेग वाढते.

पण पोलादात आणि माणसात एक फरक आहे. पोलादातली भेग विश्रांतीने भरत नाही. हाड मात्र मोडले तरी जुळते, आणि झेपेल असा भार मिळत राहिला तर भक्कमही होते. वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच चालते. म्हणजे नाइट मारून आपण जी झोप वाचवतो, तीच खरी अभ्यासाची वेळ असते. सहा-सात तास झोप, संध्याकाळी ग्राउंडवर अर्धा तास आणि एक माणूस, ज्याच्याशी खरं बोलता येईल : हे आपले अनलोडिंग.

त्या शाफ्टनंतरच्या रविवारी मी बाबांना खरं सांगितलं. थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “एवढंच ना? तुझा आवाज पडलेला असायचा, मला वाटलं तुला बरं नाही. जेवतोस का नीट?” मी फोन ठेवला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. विषय लगेच सुटला नाही, पुढच्या परीक्षेत सुटला. पण लोड त्या दिवशीच उतरला.

मित्रांनो, मशीनमधली भेग तपासायला आपण शिकतो, मग शेजारच्या रूममधली का नाही? कुणी मेसला येईनासा झाला, दार लावून बसू लागला, तर थट्टा करू नका, दार वाजवा. रेक्टर सरांना किंवा मेंटॉरना सांगण्यात कमीपणा नाही. भेग खोल वाटली तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येते.

तो तुटका शाफ्ट अजून लॅबमध्ये आहे. एकदा जाऊन बघा. आणि आजच्या रात्री, निदान एकदा तरी, वेळेवर झोपा!

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी