गोळी गिळली, पण रक्तात पोहोचली का?

“गोळ्या संपल्या, तरी अशक्तपणा जात नाही,” अशी तक्रार आमच्या रुग्णालयाच्या औषध-खिडकीवर वारंवार कानी येते. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्या आम्हांस तिचा उलगडा धनादेशाच्या उदाहरणाने झाला. बँकेत धनादेश भरला म्हणजे रक्कम जमा झाली असे नव्हे. तो वटावा लागतो. पोटात गेलेल्या गोळीचेही तसेच आहे.

लहान आतड्याच्या आतील बाजूस असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात व त्यांवर पेशींचा केवळ एकेरी थर असतो. तोंडावाटे घेतलेले बहुतेक औषध हा थर ओलांडूनच रक्तात जाते. काही औषधे सहज पार होतात. काहींना मात्र पेशींतील प्रथिने आल्या पावली परत लोटतात.

ही क्रिया अभ्यासण्यासाठी शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत मानवी आतड्याचा थर वाढवितात. १९७०च्या दशकात न्यूयॉर्क येथे योर्गेन फोघ यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठीतून ‘काको-२’ नावाच्या पेशी मिळविल्या. नवल असे की, सच्छिद्र पडद्यावर सुमारे २१ दिवस वाढविल्यास त्या लहान आतड्याच्या पेशींप्रमाणे वागू लागतात. पडद्याच्या वरच्या कप्प्यात औषध घालावयाचे व खालच्या कप्प्यात किती उतरले ते मोजावयाचे. वरचा कप्पा म्हणजे आतडे, खालचा म्हणजे रक्त. संशोधनासाठी अशा पेशी जतन करून देशभरातील प्रयोगशाळांना पुरविण्याचे कार्य आपल्याच राज्यात, पुणे येथील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात चालते.

पुढे २००९ मध्ये नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स व सहकाऱ्यांनी उंदराच्या आतड्यातील एका मूळपेशीपासून इवले आतडेच वाढविले. २०११ मध्ये मानवी पेशींपासूनही ते साधले. मार्च २०२३ मध्ये केंद्र शासनाने नव्या औषधांच्या चाचणीविषयक नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांवरील चाचण्यांसोबत अशा पद्धतींनाही मान्यता दिली.

तथापि काचपात्रातील या थरासमोर नागलीची भाकरी नसते, कोरा चहा नसतो आणि कुपोषणाने क्षीण झालेले शरीरही नसते. हरसूल परिसरातील आमच्या रुग्णांच्या आतड्यासमोर हे सारे असते. लोहाची गोळी चहासोबत घेतल्यास चहातील द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात व ते पुरेसे शोषले जात नाही. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घेतल्यास लोहाच्या शोषणात अडथळा येतो. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन भरल्या पोटी घेतल्यास रक्तात कमी पोहोचते, आणि क्षयाच्या उपचारात अशी तूट परवडणारी नाही.

म्हणून रुग्णांच्या नातलगांना आमची नम्र विनंती आहे. लोहाची गोळी पाण्यासोबत द्यावी. तिच्या आधी व नंतर किमान एक तास चहा टाळावा. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी द्यावी. क्षयाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच द्याव्यात. मळमळ झाल्यास त्या बंद न करता आम्हांस कळवावे.

सन्माननीय देणगीदार व विश्वस्तांच्या औदार्यातून औषधे रुग्णांच्या हाती पडतात. ती कशी घ्यावीत हे समजावून सांगण्याची पाच मिनिटेही तितकीच मोलाची आहेत. त्या पाच मिनिटांवाचून आपले दान खर्चाच्या बाजूस नोंदले जाईल, रुग्णाच्या जमेस मात्र येणार नाही.