आजचा पाठ : लिहायला शिकवणाऱ्यानं आधी काय शिकावं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या बीदर-कलबुर्गी भागात घरात मराठी, पण बरीच लेकरं शाळेत कन्नड शिकतात. त्यांना मराठी लिहायला शिकवायचं काम आई, आज्जी, मामा यांच्यावर येतं. पण शिकवायचं कसं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

माझीच चूक सांगतो. भाचीनं गाणगापूरच्या वारीवर एक पान लिहून आणलं. मी लाल पेन घेऊन बसलो. सगळं पान लाल केलं. संगमावर आज्जीला चक्कर आली अन् पोर घाबरली, हे त्यात लिहिलं होतं. ते मी वाचलंच नाही! पुढं दोन वर्षं तिनं मला काही दाखवलं नाही.

दासबोधात 19व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, असं समर्थ सांगतात. म्हणजे लिहिणं हे वाचणाऱ्यासाठी. आणि लेकराचा पहिला वाचणारा आपणच.

म्हणून चार गोष्टी:

*1. पेन बाजूला ठेवून आधी पूर्ण वाचा.* काय कळलं ते लेकराला सांगा.

*2. चूक कुठून आली ते बघा.* कन्नडात अनुस्वाराचा गोल अक्षराच्या पुढं येतो, मराठीत टिंब डोक्यावर. म्हणून ते राहून जातं. 'रस्ता' मधला 'त' कन्नडात 'स'च्या खाली बसतो, मराठीत शेजारी. हा आळस नव्हे. लेकराला दुसरी लिपी येते, त्याची ही खूण.

*3. एका बैठकीत एकच चूक घ्या.* तीच चार शब्दांत गिरवून घ्या.

*4. वाक्य आपण बदलू नका.* "इथं मला कळलं नाही, काय झालं होतं?" असं विचारा. 'आज्जी एकदम खाली बसली' हे लेकराचं वाक्य आहे, तसंच राहू द्या.

परवा भाचीची माफी मागितली. म्हटलं, "ते संगमावरचं परत लिहितेस का?" ती म्हणाली, "मामा, लाल पेन नाही ना आणलं?"

*या आठवड्याचा अभ्यास :* घरातल्या एका लेकराकडून आज्जीनं सांगितलेली एक आठवण पाच ओळींत लिहून घ्यावी. गुरुवारी आरती झाल्यावर ती त्यानंच सगळ्यांना वाचून दाखवावी. चुका दुसऱ्या दिवशी.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त 🙏