आधी विषय, मग बी.एड.

चि. सोनू हिस,


बारावीचा निकाल दादाने फोनवर सांगितला. टक्के ऐकून बरं वाटलंच, पण खरा आनंद झाला तो तुझ्या बोलण्याचा : काका, मला इकॉनॉमिक्स शिकवायचंय. लगेच तू विचारलंस, सांवेरहून रोज ये-जा करता येईल असं बी.एड. कॉलेज कुठलं? हा प्रश्न काही वर्षं आधीच आला आहे, म्हणून हे पत्र.

आपल्या मध्य प्रदेशात अकरावी-बारावीला शिकवणारा तो उच्च माध्यमिक शिक्षक; सगळे ‘वर्ग एक’ म्हणतात. त्याला त्याच विषयातलं एम.ए. लागतं, किमान 50 टक्क्यांनी, आणि एनसीटीईची मान्यता असलेल्या संस्थेचं बी.एड. पुढे कर्मचारी चयन मंडळाची पात्रता परीक्षा आणि मग निवड परीक्षा. ‘त्याच विषयातलं’ याखाली रेघ ओढ. एम.कॉम. केलेल्याला कॉमर्सची जागा मिळते, अर्थशास्त्राची नाही. मैत्रिणी कॉमर्सकडे निघाल्या म्हणून तू जाऊ नकोस.

कॉलेजात शिकवायला बी.एड. लागत नाही. तिथे एम.ए.ला 55 टक्के आणि नेट किंवा राज्याची सेट. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना एम.ए.च्या टक्क्यांत 5 ची सूट आहे. तुझ्याबरोबरच्या ज्या मुलींना ती लागू होते त्यांना हे जरूर सांग, अनेकींना ते ठाऊकच नसतं.

आता 55 या आकड्याविषयी. मला एम.ए.ला 54.6 टक्के मिळाले. संख्याशास्त्राचा पेपर अवघड म्हणून मी तो शेवटच्या आठ दिवसांवर ढकलला होता, तिथेच गुण गेले. नेटच्या नियमात 54.6 म्हणजे 55 होत नाहीत, तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. मी शाळेत शिकवलं, मनापासून शिकवलं आणि त्यात मला समाधान मिळालं. पण कॉलेजचं दार त्या अर्ध्याहूनही कमी टक्क्याने बंद झालं ते कायमचं. म्हणून तुला सांगतो, तुला शाळेतच शिकवायचं असलं तरी एम.ए.ला 60 च्या खाली येऊ नकोस. आणि बी.ए.पासून गणिताशी मैत्री ठेव. अर्थशास्त्रात पुढे जाणाऱ्याची गाडी अडते ती बहुधा तिथेच.

बी.ए.ला मेजर विषय अर्थशास्त्रच घे. तीन वर्षांनंतर एम.ए. दोन वर्षांचं, चार वर्षांची पदवी घेतलीस तर एकच वर्षाचं. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर एम.ए.आधीही नेटला बसता येतं. पण ते पीएच.डी. आणि फेलोशिपसाठी, प्राध्यापकीसाठी नव्हे. एम.ए.साठी मात्र इंदूरला ये. देवी अहिल्या विश्वविद्यालयाचं स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स खंडवा रोडवर तक्षशिला परिसरात आहे. घरी बसून प्रायव्हेट एम.ए. करून कागद हातात येतो, पण भरलेल्या वर्गात प्रश्न विचारायची सवय लागत नाही. आणि तुला तर उद्या तेच करायचं आहे.

त्याच खंडवा रोडवर सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, आणि सोयाबीन तुझ्या दारात पिकतं. एका वर्षी बारावीला मागणी-पुरवठा शिकवत होतो. मागच्या बाकावरचा मुलगा उठला आणि म्हणाला, सर, सरकारने समर्थन मूल्य ठरवलंय, मग माझ्या बाबांना मंडीत कमी का मिळालं? मी पुस्तकातलं उत्तर दिलं. त्याचं समाधान झालं नाही, माझंही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी मंडीत जाऊन उभा राहिलो. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला माल वर काढतो, दोन दाणे दाताखाली फोडतो, ओल किती ते सांगतो. 12 टक्क्यांच्या वर ओल गेली की भाव उतरलाच. आणि शेतकऱ्याला ट्रॉलीचं भाडं, उधारी, गव्हाची पेरणी समोर दिसत असते. तो माल परत घरी नेऊ शकत नाही. पुरवठ्याची रेषा उभी असते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

2025-26 ला सोयाबीनचं समर्थन मूल्य क्विंटलला 5328 रुपये होतं आणि मंडीचे भाव बरेच खाली होते, म्हणून राज्याने भावातला फरक शेतकऱ्याला देणारी भावांतर योजना पुन्हा आणली. ही योजना पहिल्यांदा 2017 मध्ये आपल्याच राज्यात आली. त्याच 2025 च्या मे महिन्याअखेर केंद्राने कच्च्या खाद्यतेलाचं आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं होतं. तेल बाहेरून स्वस्त आलं की सांवेरच्या ढिगाच्या भावावरही दाब येतो. हे तुला मुलांना सांगता आलं पाहिजे. एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात वर्षानुवर्षं पालमपूर नावाचं गाव शिकवलं गेलं. ते काल्पनिक आहे. तुझं गाव खरं आहे.

आणखी एक अडचण मालव्यातल्या मराठी घरांची. आपण घरी मराठी बोलतो, शिकवायचं हिंदीत, आणि चांगली पुस्तकं बहुतेक इंग्रजीत. तिन्ही भाषांतले शब्द समोरासमोर लिहून वही कर. धनंजयराव गाडगीळ, वि. म. दांडेकर या मराठी अर्थतज्ज्ञांची नावं आपल्याकडे फक्त परीक्षेपुरती येतात. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या गरिबीवर 1971 मध्ये जे लिहिलं, ते एम.ए.च्या आधी वाचून काढ.

बी.एड.चं थोडक्यात. 2015 पासून ते दोन वर्षांचं आहे आणि दुसऱ्या वर्षी 16 आठवडे शाळेत शिकवायचं असतं. ‘हजेरीची काळजी करू नका’ असं सांगणारं कॉलेज भेटेल. तिथे पाऊल टाकू नकोस. ते 16 आठवडे चुकले तर पहिल्या नोकरीत मुलांसमोर उभं राहताना कळेल.

प्रवेशाच्या फॉर्मवर मेजरच्या रकान्यात अर्थशास्त्र लिहिलंस की फोन कर. माझी संख्याशास्त्राची पुस्तकं माळ्यावरून उतरवून पुसून ठेवली आहेत, येऊन घेऊन जा.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा
काका