अमेरिकेत पहिलं शेअर खातं : ब्रोकर कसा निवडाल?

अमेरिकेत शेअर आणि ईटीएफच्या खरेदी-विक्रीवर बहुतेक ऑनलाइन ब्रोकर आता कमिशन घेत नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये श्वाबने ते शून्यावर आणलं आणि इतर मोठे ब्रोकर पाठोपाठ आले. त्यामुळे ‘स्वस्त कोण?’ हा प्रश्न मागे पडला. न्यू जर्सी, टेक्सास, बे एरियात बस्तान बसलेली आपली मंडळी नवागतांना तीन वेगळेच प्रश्न विचारतात : व्हिसा कोणता, भारतात काय काय चालू आहे आणि उद्या परत जावं लागलं तर? ब्रोकर या उत्तरांवरून ठरवा.

खात्याआधी
कंपनी तुमच्या ४०१(के) या निवृत्ती खात्यात स्वतःची भर घालत असेल, तर आधी ती पूर्ण पदरात पाडून घ्या. एच-१बीवर नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते; म्हणून काही महिन्यांचा खर्च आणि परतीची तिकिटं निघतील एवढे पैसे बँकेतच राहू द्या.

ब्रोकर खरा आहे ना?
ब्रोकरांवर देखरेख ठेवणाऱ्या फिनरा या संस्थेच्या ‘ब्रोकरचेक’वर नाव टाकून नोंदणी आणि जुन्या कारवाया पाहा. ब्रोकर सिपिक या गुंतवणूकदार-संरक्षण संस्थेचा सदस्य हवा. ब्रोकर बुडाला, तर सिपिक ५ लाख डॉलरपर्यंत संरक्षण देतं. त्यात रोख रकमेची मर्यादा अडीच लाख. शेअरचा भाव पडून झालेलं नुकसान मात्र कुणी भरून देत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवरून आलेल्या लिंकवर खातं उघडू नका.

कागदपत्रं
बहुतेक ठिकाणी एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) लागतो. एच-४वरच्या जोडीदाराकडे काम करण्याची परवानगी नसेल, तर तो मिळत नाही. संयुक्त खातं हवं असल्यास त्याऐवजी आयटीआयएन हा करदाता क्रमांक चालतो का, हे आधीच विचारा. करासाठी तुम्ही रहिवासी असाल तर डब्ल्यू-९ फॉर्म भरायचा, अनिवासी असाल तर डब्ल्यू-८बेन. एफ-१ विद्यार्थी सहसा पहिली पाच कॅलेंडर वर्षं अनिवासी धरले जातात.

अर्ज भरताना
‘कॅश’ की ‘मार्जिन’ असं विचारतील, तेव्हा ‘कॅश’ निवडा. मार्जिन म्हणजे उसने पैसे. ऑप्शन्स बंदच ठेवा. पडून असलेल्या रोख रकमेवर व्याज किती, खातं दुसऱ्या ब्रोकरकडे हलवायचं शुल्क किती आणि फोन केल्यावर माणूस बोलतो का, हे तपासा. खरा फरक इथेच पडतो. अॅपवरची रंगीत रोषणाई निवडीचं कारण होऊ शकत नाही.

भारतातलं जुनं
भारताच्या नियमांनुसार अनिवासी झाल्यावर तिथलं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. डिमॅटचा दर्जाही बदलावा लागतो. तिथले म्युच्युअल फंड अमेरिकी करकायद्यात ‘पीफिक’ (परदेशी गुंतवणूक कंपनी) ठरतात आणि त्यांचा हिशेब किचकट व महाग पडतो, म्हणून एसआयपी चालू ठेवण्याआधी सीपीएला विचारा. अमेरिकेत करासाठी रहिवासी असाल आणि परदेशी खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार (परदेशी खात्यांचा अहवाल) भरणं बंधनकारक आहे.

परतायचं झालं तर
भारतातला पत्ता दिल्यावर खातं चालू ठेवणार का, हे ब्रोकरला लेखी विचारा. काही जण नवी खरेदी थांबवतात, काही खातं बंद करायला सांगतात. वारसाचं नाव पहिल्याच दिवशी नोंदवा. कायमचे परतल्यानंतर मृत्यू झाल्यास ६०,००० डॉलरच्या वरच्या अमेरिकी मालमत्तेवर इथला इस्टेट टॅक्स लागू शकतो. अमेरिकी कंपन्यांचे शेअर त्यात मोजले जातात, भले खातं कुठेही असो.

दोन-तीन ब्रोकरांना हे प्रश्न विचारा, उत्तरं ईमेलवर घ्या आणि सरळ उत्तर देणाऱ्याकडेच खातं उघडा. सुरुवात इंडेक्स फंडातल्या छोट्या रकमेने केली तरी पुरे.