घरात छोटे कुत्रे आणण्यापूर्वी

गेल्या महिन्यात एक गृहस्थ सात वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. तिच्या पंजाला दोन बारीक दात लागले होते आणि जखमेवर हळद-चुना थापला होता. चावून चार दिवस झाले होते. "इतके दिवस का थांबलात?" असे मी विचारले. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, घरचंच पिल्लू आहे, मुठीएवढं. त्याला कुठला आलाय रोग!" त्या पिल्लाला एकही लस टोचलेली नव्हती.

जखम साबणाने धुऊन लस व सीरम सुरू केले आणि पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितले. सुदैवाने मुलगी व पिल्लू दोघेही ठणठणीत आहेत. आता ते गृहस्थ विचारतात, "पिल्लू ठेवावं की नाही?" हा प्रश्न अनेक घरांतून येतो, म्हणून आज त्याविषयी.

१९९४ साली 'हम आपके हैं कौन' चित्रपटातला टफी घराघरांत पोहोचला आणि अशा पांढऱ्या, केसाळ कुत्र्यांची हौस वाढली. खरे पॉमेरेनियन जेमतेम दोन-तीन किलोचे असते. आपल्याकडे त्या नावाने बहुधा स्पिट्झ मिळते. ते थोडे मोठे आणि उन्हाला जरा काटक असते. पण ठेवायचे कोणतेही असो, पुढील गोष्टी आधी तपासाव्यात.

ऊन : बीड जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करते. पत्र्याच्या खोलीत बांधलेल्या केसाळ कुत्र्याला काही वेळातच उष्माघात होऊ शकतो. गार फरशी, वारा आणि दिवसभर स्वच्छ पाणी मिळणार नसेल, तर हा विचार सोडून द्यावा. अंगावरचे केस मुळापासून भादरू नयेत, ते उन्हापासून कातडीचे रक्षणही करतात.

लहान मुले : या कुत्र्यांची हाडे नाजूक असतात. मुलाच्या हातातून पडले तरी पुढचा पाय मोडतो. दुखले की ते चावते. घरात पाच वर्षांखालील मूल असेल, तर मोठ्या माणसाच्या नजरेआड दोघांना एकत्र ठेवू नये. कुत्रे जेवत असताना मुलांनी त्याला हात लावू नये.

सोबत : ही जात माणसांची लोभी असते. एकटी राहिली की भुंकून शेजाऱ्यांना हैराण करते. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, नोकरदार सुटीत गावी जातात. तेव्हा त्याला कोण सांभाळणार, हे आधी ठरवावे. असे कुत्रे बारा-चौदा वर्षे जगते.

लस व स्वच्छता : पिल्लू दीड-दोन महिन्यांचे झाल्यावर पशुवैद्यकांना दाखवून लसी सुरू कराव्यात. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्यावी, पुढे त्यांच्या सल्ल्याने दरवर्षी. जंतांचे औषध वेळेवर द्यावे, गोचिडी काढाव्यात, त्याची विष्ठा रोज उचलावी. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट त्याला देऊ नये.

आणि एक कायम लक्षात ठेवावे. कुत्रे घरचे असो वा रस्त्यावरचे, दात किंवा नख लागले की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस केव्हाच गेले, आता लस दंडात देतात आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत असते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

त्या गृहस्थांकडे पती-पत्नी दोघे नोकरीला जातात, पण आजी दिवसभर घरी असतात. मी त्यांना सांगितले, पिल्लू पत्र्याच्या खोलीतून आजींच्या ओसरीवर आणा, लसीचे कार्ड करा, मग खुशाल ठेवा. ज्यांना अजून आणायचे आहे, त्यांनी आठ दिवस तालीम करून पाहावी. पहाटे फिरायला कोण उठते, दुपारी घरी कोण असते, लसीचे पैसे बाजूला पडतात का? तिन्ही उत्तरे मिळाली, तरच पिल्लू घरी आणावे.