न आवडणाऱ्या माणसांशी कसे वागावे?



शत्रूवर प्रेम करण्याची प्रभू येशूची आज्ञा (लूक ६:२७-२८) ऐकली की आपल्याला कोणी दूरचा वैरी आठवतो. पण आपला रोजचा त्रास जवळच्या माणसांचाच असतो. बांधावरून कुरबुर करणारा शेजारी, टोमणे मारणारी जाऊ, सभेत प्रत्येक गोष्टीत खोट काढणारा सभासद. यांच्यावर प्रेम करायचे म्हणजे ती माणसे आपल्याला आवडलीच पाहिजेत का?

बाळ येशूची संत तेरेजा १८८८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, फ्रान्समधील लिझ्यू येथील कार्मेल मठात दाखल झाली. तेथील एका भगिनीचे बोलणे, वागणे, स्वभाव सारेच तिला नकोसे वाटे. मृत्यूपूर्वी काही महिने, १८९७ साली, तिने हे स्वतःच लिहून ठेवले. नावड जाण्याची वाट मात्र तिने पाहिली नाही. ती भगिनी भेटली की तेरेजा तिच्यासाठी प्रार्थना करी, तिची लहानसहान कामे करी, उलट उत्तर ओठांवर आले की हसून विषय बदली. तरीही मन आवरेनासे झाले तर चक्क तेथून पळ काढी! संतानेही पळ काढावा, हे वाचून आपल्याला धीर येतो. एके दिवशी त्या भगिनीनेच तिला विचारले, माझ्यात तुला एवढे काय आवडते? मला पाहिले की तू नेहमी हसतेस!

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरात मारहाण होत असेल तर हसून गप्प बसणे म्हणजे दया नव्हे. ते फादरांना, नातलगांना, गरज पडल्यास पोलिसांना सांगावेच.

त्याच मठात भगिनी सेंट पियेर ह्या आजारी, वृद्ध भगिनी होत्या. संध्याकाळी त्यांना प्रार्थनेतून भोजनगृहापर्यंत नेण्याचे काम तेरेजाने आपणहून अंगावर घेतले. भरभर चालले तरी तक्रार, हळू चालले तरी तक्रार. त्यांना जागेवर बसवून बाह्या दुमडून दिल्या की तिचे काम संपे. पण थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आले, की दुखऱ्या हातांनी त्यांना पाव कापता येत नाही. तेव्हापासून पाव कापून दिल्याशिवाय आणि एकदा गोड हसल्याशिवाय ती तेथून हलत नसे. हे त्यांनी मागितले नव्हते, म्हणूनच त्यांचे मन भरून आले.